दुसऱ्याच्या सणाला जाताना

कर्वेनगरात डिसेंबर उजाडला की बागेतल्या बाकावर एकच विषय असतो, यंदा कोण कुठे निघालंय. कुणाचा मुलगा डॅलसला, कुणाची लेक म्युनिकला. मुलींसाठीचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय इथे 1991 साली निघालं. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलींचे आईवडील आता थर्मल, मेतकूट आणि रक्तदाबाच्या गोळ्या बांधून त्यांच्या मागोमाग जातात. परत आल्यावरचा वृत्तान्तही ठरलेला. ख्रिसमस मार्केट सुंदर, थंडी भयंकर, आणि ‘सण असा वाटलाच नाही हो, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं!’

रस्त्यावर शोधलात तर नाहीच सापडणार. आमची लेक स्टुटगार्टजवळ राहते. तिथे आपण पाहुणे ज्याला ख्रिसमस म्हणून फोटो काढत हिंडतो, तो नुसता तयारीचा महिना. चार रविवारी एकेक वाढवत लावायच्या चार मेणबत्त्या, 5 डिसेंबरच्या रात्री पोरांनी दाराशी ठेवलेले बूट आणि सकाळी त्यात सापडणारा खाऊ, चौकाचौकातले लाकडी ठेले. तिथला बाजार 23 तारखेला उठतो. 24ला दुपारी दोनच्या आत दुकानं बंद होतात. 25 आणि 26 दोन्ही दिवस सुट्टी, आणि त्याला लागून रविवार आला तर तीन दिवस दूध मिळायची पंचाईत. रात्री दहाला मोबाइलवरून कोथिंबीर मागवणाऱ्या आपल्याला हे झेपत नाही. लेकीने जावयांना ज्या आवेशाने दही आणायला पिटाळलं, तो आवेश मी लॉकडाऊननंतर पहिल्यांदाच पाहिला.

आणि मग 24ची संध्याकाळ. तोच खरा सण, आणि तो दाराआड असतो. दार कुणी उघडलं तरच तुम्ही आत.

आम्हाला ते उघडलं तळमजल्यावरच्या आजींनी. आमंत्रण नोव्हेंबरातच आलं होतं, ‘काय चालतं, काय चालत नाही’ या चौकशीसकट. ओळख जिन्यामुळे झालेली. त्या भागात इमारतीचा जिना बिऱ्हाडांनी आळीपाळीने झाडायचा असतो, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. आमच्या लेकीने तो नुसता झाडला नाही, पुसूनही काढला. तेव्हापासून आजींच्या लेखी ती माणसात आली. (आमच्या सोसायटीत जिन्यावरून वार्षिक सभा गाजतात. पाटीची सूचना अजून कुणी मांडलेली नाही.)

पाच म्हणजे पाच. ताटात काय, तर बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. वर्षाचा सण आणि हे जेवण! आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला मुगाची खिचडी टाकावी तसं. मोठा स्वयंपाक, भाजलेलं बदक वगैरे, दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी कुणी ओट्यापाशी अडकायचं नसतं, हे मला फारच पटलं. तिकडच्या बटाट्यावर मोहरी, व्हिनेगर आणि तेलाबरोबर मटणाबिटणाचा गरम रस्सा ओततात. आजींनी आमच्यासाठी भाज्यांच्या रश्श्यातला वेगळा वाडगा केला होता आणि डावांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यातल्या डावाच्या दांड्याला हिरवी फीत बांधली होती.

आतल्या खोलीचं दार दुपारपासून बंद. नातवंडं त्या दाराला कान लावून बसलेली. एकदाची आतून बारीक घंटी वाजली, दार उघडलं आणि झाड दिसलं. तिथल्या पोरांना भेटी आणून देतं ते ‘क्रिस्टकिंड’, देवदूतासारखं बाळ. लाल डगल्यातले आजोबा त्या घरात नव्हतेच. भेटींच्या आधी गाणी. आमच्या यांनी मोबाइल बाहेर काढला, लेकीने नुसतं पाहिलं, तो परत खिशात गेला.

आम्ही डबाभर चकल्या नेल्या होत्या. आजींनी हसून घेतल्या आणि आत ठेवून दिल्या, टेबलावर काही आणल्या नाहीत. मला जरा लागलं. 26ला डबा वर आला, तोही भरून. दालचिनीच्या चांदण्या, आणि लाकडी साच्यातली नक्षी उठवलेली, बडीशेपेसारख्या वासाची पांढरी बिस्किटं. चकल्या संपल्याचा निरोप सोबत. रिकामा डबा परत करू नये, हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. त्या संध्याकाळचं ताट मात्र त्यांचं होतं, त्यात चकलीला जागा नव्हती, आणि नसावीच. पाहुण्याने दुसऱ्याच्या सणाची दिवाळी करायला जाऊ नये. आपली हौस भागवायला पुढचा आठवडा आहेच. दिवाळी कामाच्या दिवसात सटकून जाते, म्हणून तिकडची मराठी घरं याच सुट्टीत जमतात आणि पुरण शिजवतात.

पुण्याला असं कुणाच्या दारात जाणं एकेकाळी महागात पडलं आहे. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक-रानड्यांसह कितीतरी मंडळींवर बहिष्काराचं ग्रामण्य झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्याच दशकात विधवेशी लग्न केलं म्हणून महर्षी कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकलं. ते कर्वे 1929 साली, सत्तरी उलटल्यावर, महिला विद्यापीठासाठी मदत मागत युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. आपण त्यांच्या नावाच्या नगरात राहतो.

आणि या नगरात वसतिगृहांतून, पेइंग गेस्ट खोल्यांतून बाहेरगावच्या मुलीच मुली आहेत. काही केरळच्या, काही गोव्याच्या, काही पार ईशान्येकडच्या. डिसेंबरात परीक्षा, घर लांब, तिकिटं महाग. 25ला ज्या खोलीवरच राहतात, त्यांचा हा परदेशातलाच ख्रिसमस. तुमच्या मजल्यावर अशा मुली असतील तर आजच विचारा, आदल्या दिवशी नको. त्या काय खातात हे विचारा, आणि तुमच्या ओट्यावर मटण चालत नसेल तर तेही सरळ सांगा, वाईट कुणालाच वाटत नाही. केकचा आग्रह करू नका, केक कुठेही मिळतो. 25ला सकाळी बेल वाजवू नका, मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून आलेल्या मुली झोपलेल्या असतात. आणि घरमालकांनो, 24च्या रात्री वॉचमनला गेट उघडायला सांगून ठेवा. दहाला गेट बंद करायचा नियम एक रात्र मोडला तर काही बिघडत नाही.