सिंहासन भूकंपाने हलत नाही, माणसे हलवतात

मोठा भूकंप झाला की दोन गोष्टी एकाच वेळी पसरतात. एक मृतांचा आकडा आणि दुसरी ज्योतिषांची भाकिते. ‘धरणी हलली, आता राजाही हलणार’ असे सांगायला पंचांगवाले वाहिन्यांवर येऊन बसतात. तेच संदेश मोबाइलवर फिरतात आणि आपले शिकलेसवरलेले लोकही ते पुढे ढकलतात. उदाहरणेही तयार असतात. २८ जुलै १९७६ रोजी चीनमधील तांगशान शहर जमीनदोस्त झाले आणि ९ सप्टेंबरला माओ गेले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले आणि ऑक्टोबरमध्ये केशुभाई पटेलांचे मुख्यमंत्रिपद गेले. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळ हादरले आणि २० सप्टेंबरला तेथे नवी राज्यघटना लागू झाली. एवढे ऐकले की समोरचा मान डोलावतो.

परंतु एकामागोमाग एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे कोणतेही न्यायालय मानत नाही. या साक्षीदाराची उलटतपासणी घेतली पाहिजे. माओ तेव्हा ८२ वर्षांचे होते आणि दीर्घकाळ आजारी होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी आपल्याच महाराष्ट्रात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पण वसंतराव नाईक त्यानंतरही १९७५ पर्यंत मुख्यमंत्री राहिले. त्या वर्षी अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली खरी, पण त्या निवडणुका फेब्रुवारीत झाल्या होत्या, भूकंपाच्या दहा महिने आधी! ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली आणि मे महिन्यात एर्दोगान पुन्हा निवडून आले. ही उदाहरणे भाकितवाल्यांच्या यादीत का नसतात?

दुसरा मुद्दा साध्या हिशेबाचा आहे. सात किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे सरासरी पंधराएक भूकंप जगात दरवर्षी होतात. निवडणुका, राजीनामे, बंडे आणि पुढाऱ्यांचे मृत्यू तर रोजचेच. कोणत्याही राजकीय घटनेच्या आधी दोन-चार महिन्यांत एखादा मोठा भूकंप सापडणारच. मग त्यात विद्या कसली?

ही विद्या जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय आहे. कोणत्या वेळच्या भूकंपाने कोणत्या लोकांना व राजांना पीडा होईल, याची मांडणी त्यात आहे. अपशकुन ठरवायचा आणि शांतिकर्माची दक्षिणाही घ्यायची, हा पुरोहितशाहीचा व्यवसाय महात्मा फुल्यांनी केव्हाच उघडा पाडला आहे.

या विचाराला थोरामोठ्यांचीही साथ मिळाली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड असल्याचे सांगितले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. हेतू अस्पृश्यतेविरोधी होता, हे मान्य करू. पण पाप करणारा सवर्ण आणि ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला अस्पृश्य, दोघांनाही एकच शिक्षा देणारा हा कोणता न्यायाधीश? आणि अस्पृश्यता हे दैवी शिक्षेचे प्रकरण ठरले, की मग कायदा, हक्क आणि प्रतिनिधित्व यांची भाषा बोलण्याची गरजच उरत नाही.

आपल्याकडेही पाहिले पाहिजे. महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाची आठ कारणे सांगितली आहेत, आणि तथागतांचा जन्म, संबोधी व परिनिर्वाण यांच्याशी भूकंप जोडले आहेत. म्हणून ते बौद्धांनी डोळे मिटून मानायचे काय? जे बुद्धीला व तर्काला धरून आहे तेच बुद्धवचन मानावे, ही कसोटी बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दिली आहे. इतरांच्या पोथीला एक माप आणि आपल्या ग्रंथाला दुसरे, हे आपल्याला शोभणार नाही.

आता मराठवाड्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जवळपास दहा हजार माणसे गाडली गेली. साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. पंचांगवाल्यांच्या हिशेबाने नामांतर भूकंपामुळे झाले म्हणायचे! मग २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, त्यानंतर जाळलेल्या आपल्या वस्त्या, १९७९ चा लाँग मार्च, पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांची बलिदाने कोणत्या खात्यात जमा करायची? सोळा वर्षांच्या लढ्याचे श्रेय जमिनीखालच्या खडकाला देणे हा शहिदांचा अपमान आहे. राजकीय भाकितांचा खरा धोका हाच आहे. लोकांनी जे मिळवले ते दैवाच्या नावावर चढते आणि राज्यकर्त्यांनी जे बिघडवले तेही दैवाच्याच नावावर खपते.

मग भूकंप आणि राजकारण यांचा संबंधच नाही काय? आहे, पण तो ग्रहताऱ्यांतून जात नाही. मदतीच्या रांगेतून जातो. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वाची राजधानी मानाग्वा उद्ध्वस्त झाली. जगाने पाठवलेल्या मदतीवर सोमोझा आणि त्याच्या बगलबच्च्यांनी डल्ला मारला. लोकांचा संताप साचत गेला आणि १९७९ मध्ये त्याची राजवट उलथली. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपाची आणि त्सुनामीची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. इंडोनेशियातील आचेमध्ये बंडखोर आणि सरकार यांनी १५ ऑगस्ट २००५ रोजी शांतता करार केला. श्रीलंकेत मात्र मदतीच्या वाटपाचा करारही कोर्टकज्ज्यांत अडकला आणि २००६ पासून युद्ध पुन्हा पेटले. समुद्राची लाट एकच, निकाल दोन! निकाल लाटेने दिला नाही, माणसांनी दिला.

आपल्या देशात या रांगेत जात उभी असते. त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलित कुटुंबांना मदत छावण्यांतून हुसकावल्याच्या तक्रारी पुढे आल्या. प्रेते उचलायला मात्र सफाई कामगारच लागले. किल्लारीच्या पुनर्वसनात घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीनांना व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरांपर्यंत ४००, आणि सात हेक्टरांवरील बागायतदारांना ७५० चौरस फूट. कागदावर जातीचा उल्लेखही नाही! पण ज्यांच्या बापजाद्यांना जमीन ठेवूच दिली नाही, ते कोणत्या रकान्यात बसले हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भूकंपाने गाव मोडले, पण गावाची उतरंड सरकारने नव्या नकाशावर जशीच्या तशी उतरवली.

आज आपल्या हातात कायदा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ नुसार नुकसानभरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येत नाही. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने लाभार्थी याद्या, पंचनामे आणि खर्चाचा हिशेब मागता येतो. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१ क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना कळकळीचे सांगणे आहे. पुढचा भूकंप येईल तेव्हा कोणाचे राज्य जाणार, याची चर्चा करत बसू नका. तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा आपल्या वस्तीत हजर राहा. भाड्याच्या खोलीत, गायरानात, दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्यांची नावे यादीत आली की नाही ते पाहा. सुटली असतील तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. ज्या वस्तीकडे अशा पोचपावत्या असतात, तिला सत्ता सहजासहजी डावलू शकत नाही.