अळिवाचा पाला, मुळ्याची पानं

बाळंतिणीला अळिवाचे लाडू द्यायचे, हे घरोघरी माहीत आहे. पण त्याच अळिवाचा कोवळा पाला खातात, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. चव मोहरीसारखी, जिभेला झोंबणारी. तेलाच्या जुन्या डब्याला भोकं पाडा, माती भरा, चमचाभर अळीव पेरा. उंबऱ्यापाशी ऊन येत असेल तर दहा-पंधरा दिवसांत पाला कापायला येतो. कांदा, शेंगदाण्याचा कूट घालून कच्चाच कालवा, वर लिंबू पिळा. लिंबामुळे पाल्यातलं लोह अंगाला लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

मुळ्याचा पाला तर आपण भाजीवाल्याकडेच तोडून टाकतो. मुळ्यापेक्षा त्या पाल्यातच जास्त कस! लसूण, मिरची, भिजवलेली मूगडाळ घालून परता.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच, पाला हा त्यांना पर्याय नव्हे. पण घरची बाई सगळ्यांच्या मागून, पातेल्याच्या तळाचं खाते, त्यावर कोणती गोळी पुरणार? भाजी जेमतेम असेल त्या दिवशी तरी तिचं ताट आधी वाढावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नाल्याच्या पाण्यावर वाढलेली रुळाकडेची भाजी स्वस्त म्हणून घेऊ नका. पानांत मुरलेलं शिसं मिठाच्या पाण्यानेही निघत नाही.