बियाणे कोणाला विचारून?

अर्जुनी मोरगाव हा धानाचा तालुका. येथील बांधीत उद्या कोणते बियाणे पडणार, हे प्रयोगशाळेइतकेच राज्यव्यवस्थाही ठरवीत असते. २०१० साली बीटी वांग्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या व फेब्रुवारीत लागवडीस स्थगिती दिली. तो निर्णय सर्वांना रुचला नाही. परंतु त्याची कारणे जनतेसमोर मांडली गेली.

याउलट, परके जनुक नसलेल्या जनुकसंपादित पिकांना १९८९ च्या नियमांतील काही तरतुदींतून मार्च २०२२ मध्ये सूट मिळाली, ती एका कार्यालयीन ज्ञापनाने. मे २०२५ मध्ये धानाचे असे दोन वाण जाहीरही झाले. लवकर पिकणारे वाण आमच्या धानकऱ्यास उपकारक ठरू शकेल, हे मान्य. तथापि त्याचे मत कोणी घेतले?

२०१० ची सुनावणीही एका मंत्र्याच्या इच्छेवर अवलंबून होती. मंत्री बदलला की प्रथा लोपते. म्हणून अशी सुनावणी कायद्यानेच बंधनकारक केली पाहिजे. पीक बुडाल्यास कर्ज शेतकऱ्याच्याच नावावर राहते. तेव्हा निर्णयापूर्वी बोलण्याचा पहिला हक्कही त्याचाच आहे.