शिळ्या पॅकेजांची मिजास

मिरर उभा करणे हे एका दिवसाचे काम. तो ताजा ठेवणे हे रोजचे. दिल्ली-एनसीआरमधल्या कचेऱ्यांना पहिल्या कामाचे भारी प्रेम आहे, कारण त्याचे टेंडर निघते, रॅकवर पाटी लागते आणि साहेबांचा फोटो निघतो. दुसऱ्याचा फोटो निघत नाही. म्हणून ते होत नाही.

लिनक्सच्या वाटेला कधी न गेलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. देबियन किंवा उबुंटूवर चालणारा संगणक आपली सगळी सॉफ्टवेअरे ‘पॅकेज’ म्हणून एका भांडारातून आणतो. कचेरीत पाचशे संगणक असतील, तर एकच फायरफॉक्स बाहेरून पाचशे वेळा कशाला ओढायचे? भांडाराची एक प्रत घरात ठेवावी, सगळ्यांनी तिथून घ्यावे. ही प्रत म्हणजे मिरर. जे नेटवर्क इंटरनेटला जोडायचेच नाही, तिथे तर त्याच्याशिवाय भागत नाही. कल्पना उत्तम आहे. माझे भांडण तिच्या नावावर चाललेल्या ढोंगाशी आहे.

मध्य दिल्लीतल्या एका कचेरीत मी हे ढोंग जवळून पाहिले. एपीटी-मिरर हे मिरर भरणारे पॅकेज देबियनवर बसवले, की रोज पहाटे चारला मिरर ताजा करणारी एक ओळ क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलमध्ये आयती येते. फक्त तिच्यापुढे # हे चिन्ह असते, त्यामुळे ओळ दिसते पण चालत नाही. प्रशासकाने ते चिन्ह खोडायचे. बस्स, एवढेच! इथे ते चिन्ह जागच्या जागी होते. उद्घाटनाच्या दिवशी भरलेली पॅकेजे तशीच पडलेली.

पण खरी कमाल पुढे आहे. देबियनच्या सिक्युरिटी विभागातल्या रिलीज फाइलवर, म्हणजे भांडाराच्या अनुक्रमणिकेवर, मुदत लिहिलेली असते. ती उलटली, की पॅकेजे आणणारी एपीटी ही प्रणाली स्वतःच बोंब मारते: फाइल मुदतबाह्य आहे, या भांडारातले अपडेट लावणार नाही. ही इमानी बोंब ऐकून या महाभागांनी काय करावे? मिरर ताजा करावा? छे! त्यांनी प्रत्येक संगणकावर ‘चेक-व्हॅलिड-अनटिल’ला ‘फॉल्स’ लिहून मुदत तपासणेच बंद केले. वर भांडारांचे पत्ते असलेल्या सोर्सेस-लिस्टमध्ये ‘ट्रस्टेड=येस’ टाकून भांडाराच्या डिजिटल सह्यांची पडताळणीही उडवली. म्हणजे पॅकेज कुणी बदलले तरी कळायला नको, शिळे झाले तरी कळायला नको. जाब विचारला तर छाती फुगवून उत्तर आले: “सर, नेटवर्क एअर-गॅप्ड है, पूरा सिक्योर है।” त्याच नेटवर्कवर घरून आणलेले पेनड्राइव्ह राजरोस फिरत होते.

शिळेपणाची किंमत काय असते? १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएच या दूरवरून लॉगिन करण्याच्या सॉफ्टवेअरमधले ‘रेग्रेसशन’ हे भगदाड जाहीर केले. पासवर्ड नसताना दूरवरून थेट रूटपर्यंत, म्हणजे संगणकाच्या पूर्ण ताब्यापर्यंत, पोचण्याची वाट! देबियनची दुरुस्ती त्याच दिवशी आली. ज्यांचा मिरर रोज ताजा होतो, त्यांच्याकडे ती दुसऱ्या दिवशी हजर. बाकीच्यांच्या संगणकांनी रोज मिररला विचारले, मिररने रोज “नवे काही नाही” म्हणून सांगितले आणि स्क्रीनवर सगळे आलबेल दिसत राहिले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे मी मनाचे सांगत नाही. २००८ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका काल्पनिक कंपनीच्या नावाने मिरर उभा केला आणि उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, सेंटओएस, देबियन या पाचही ठिकाणच्या अधिकृत यादीत तो बसवून दाखवला. हजारो संगणक त्यांच्या दारी आले, त्यांत सरकारी आणि लष्करीही होते. सह्या खऱ्या असल्या तरी नुसती जुनी पॅकेजे पुढे करून संगणक कमकुवत ठेवता येतो, हे त्यांनी मांडले. शास्त्रात याला हल्ला म्हणतात. आमच्याकडे हाच हल्ला कचेरी स्वतःच्या खर्चाने स्वतःवर करते आणि त्याचे युटिलायझेशन सर्टिफिकेट देते.

यावर एक ठरलेला युक्तिवाद येतो: “अपडेटच धोकादायक! एक्सझेडचे काय झाले?” मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला, हे खरे. पण देबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोचलाच नव्हता. अर्धी गोष्ट ऐकून पूर्ण आळस करायचा, याला धोरण म्हणत नाहीत.

आता स्वावलंबनाकडे वळू, कारण दिल्लीत त्यावर भाषणे जोरात होतात. देशातली इंटरनेट वाहतूक परदेशात जाऊन परत येऊ नये, म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली; नोएडात तिचे एक्स्चेंज आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने देबियनवर आधारलेली बॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम काढली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयासाठी उबुंटूवर आधारलेल्या ‘माया’ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बातम्या झळकल्या. नावे झाली, बोधचिन्हे झाली. माझ्या लेखी प्रश्न एकच मोलाचा आहे: उबुंटूने आज दुपारी काढलेली दुरुस्ती संरक्षण मंत्रालयातल्या टेबलावर किती तासांत पोचते? स्वदेशी नावाच्या प्रणालीची खरी परीक्षा या तासांत आहे. आयआयटी कानपूरने वर्षानुवर्षे सार्वजनिक मिरर चालवला, त्याचा मला या सगळ्या घोषणांपेक्षा जास्त अभिमान आहे. तिथे कुणीतरी डिस्क भरली का, सिंक झाला का, हे रोज पाहत होते.

आणि मुळात तुम्हाला मिरर हवा आहे का? देबियन १२ मध्ये ६४,४१९ पॅकेजे आहेत. तुमच्या कारकुनांना लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि प्रिंटरचा ड्रायव्हर लागतो. इंटरनेट असलेल्या कचेरीत एपीटी-कॅशर-एनजी बसवा. पहिल्याने मागितलेले पॅकेज तो साठवतो, पुढच्यांना घरातूनच देतो. ३१४२ हा एक पोर्ट, एक जुना संगणक आणि नेहरू प्लेसमध्ये मिळणारी साधी डिस्क, एवढ्यात भागते. पण एवढ्याशा कामाचे टेंडर कसे काढणार? म्हणून मग पेटाबाइटच्या गप्पा, दोन रॅक आणि तीन वर्षांचे देखभालीचे कंत्राट (एएमसी).

ज्यांना खरोखर पूर्ण मिरर लागतो, त्यांनी तो नीट करावा. आधी पॅकेजे आणावीत, मागाहून याद्या बदलाव्यात. देबियनची एफटीपीसिंक ही स्क्रिप्ट हेच दोन टप्प्यांत करते. आमच्याकडे कुणीतरी एका दमात आरसिंक ही नक्कल करणारी आज्ञा मारतो. नवी यादी पोचते, पॅकेजे वाटेतच असतात, सगळ्या मजल्यांवर ‘हॅश सम मिसमॅच’ झळकते आणि दोष लिनक्सला!

पुढच्या टेंडरात टेराबाइट किती ते खुशाल लिहा. त्याच्या वर दोन कलमे घाला: मिरर रोज ताजा झाला का हे पाहणाऱ्या माणसाचे नाव, आणि सिक्युरिटीची रिलीज फाइल मुदतबाह्य झाली तर कंत्राटदाराचे त्या महिन्याचे बिल रोखण्याचा अधिकार. दुसऱ्या कलमावर कोण कोण हरकत घेते, ते प्री-बिड बैठकीतच समजेल.