बकलाव्यावरचा झेंडा

पदार्थावर राष्ट्राचा झेंडा रोवला की पदार्थ नासतो, असे माझे मत आहे. कुणाला ते अतिरेकी वाटेल, वाटू द्या. तुर्क, ग्रीक, आर्मेनियन आणि अझरबैजानी मंडळी बकलावा कुणाचा, डोलमा कुणाचा, कॉफी कुणाची यावरून वर्षानुवर्षे जी हमरीतुमरी करीत आली आहेत, ती पाहून दुसरे मत होणे मला तरी शक्य नाही. युनेस्कोच्या वारसा-यादीत 2011 साली तुर्कस्तानचे केश्केक गेले, 2013 साली तुर्की कॉफी गेली. 2014 साली आर्मेनियाने आपली लवाश रोटी नोंदवली; लगेच 2016 साली अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान यांनी मिळून आपल्या रोट्या नोंदवल्या, त्यांतही लवाश आहेच. 2017 साली डोलम्याची परंपरा अझरबैजानच्या नावे चढली. अशी नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे युनेस्को सांगत असते. ऐकतो कोण? उताऱ्यावर नाव लागावे तसा जल्लोष होतो.

2018 साली मी आठ दिवस इस्तंबूलला होतो. आपल्याकडे तुर्की जेवण म्हणजे कबाब, असा पक्का समज आहे. तिथला दुकानदार, कारकून, हमाल दुपारी जेवतो कुठे, ते पाहावे. ‘एस्नाफ लोकांतासी’ म्हणजे उदमी-कारागिरांची खाणावळ. काचेमागे पदार्थांची भांडी गरम ठेवलेली असतात. भाषा येत नसली तरी बोट दाखवले की भागते. पाव मागाल तितका. उशिरा गेलात तर चांगले पदार्थ संपलेले असतात आणि मालकाला त्याची खंतही नसते. मी रोज एकाच खाणावळीत जात असे. मसुरीच्या डाळीचे चोर्बा, टोमॅटोच्या रसातल्या पांढऱ्या घेवड्याच्या बियांचे फासुल्ये, त्याबरोबर पिलाव, ऑलिव्ह तेलात शिजवून गार केलेले वांगे आणि घट्ट दही.

आता या ताटाची जबानी घ्या. खाणावळीचे ‘लोकांता’ हे नावच इटालियन. चोर्बा आणि पिलाव हे शब्द फारसीतून आले; आपले शोरबा आणि पुलाव त्यांचेच सख्खे भाऊ. फासुल्ये हा शब्द ग्रीकांचा, तर ती बी आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. टोमॅटो आटवून केलेला ‘साल्चा’, तोही शब्द इटालियन. आणि वांगे? तुर्क त्याला ‘पतलिजान’ म्हणतात. हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मागे मागे नेला की संस्कृतातल्या ‘वातिंगणा’पाशी पोचतो, आपले वांगेही त्याच गोत्राचे. अस्सल तुर्की म्हणावे असे नाव ताटात एकच उरते, दह्याचे. ‘योउर्त’ हा शब्द मात्र त्यांनी साऱ्या जगाला दिला. परके ते सारे काढून टाकायचे म्हटले तर त्या खाणावळीत गिऱ्हाइकाला नुसत्या दह्यावर उठावे लागेल. या देवघेवीतच त्या स्वयंपाकाचे मोठेपण आहे आणि झेंडेवाल्यांना नेमकी तिचीच लाज वाटते.

यावर एक आक्षेप येतो. नोंद केली नाही तर कारागिराचे नाव बुडेल, नकली माल येईल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच 2013 साली युरोपीय संघाने ‘अँतेप बकलावा’ या नावाला संरक्षण दिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाझिअँतेप गावचा पिस्ता, तिथल्या कारागिराची कागदासारखी पातळ पोळी लाटण्याची हातोटी, हे सारे गावाच्या नावाने ओळखले जावे. पण गावाचे श्रेय राष्ट्राने लाटू नये. त्याच अँतेपमध्ये 1915 पूर्वी आर्मेनियनांची मोठी वस्ती होती. ती आज नाही.

माझा खरा राग इथे आहे. 1923 च्या करारान्वये लोकसंख्येची अदलाबदल झाली. अनातोलियातून उठवलेले वा आधीच पळालेले धरून सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसचे निर्वासित झाले, तिकडून साडेतीन लाखांवर मुसलमान इकडे आले. पुढे सप्टेंबर 1955 मध्ये इस्तंबूलातल्या ग्रीकांची दुकाने जमावाने फोडली. ज्या मेहान्यांतून, म्हणजे मद्यगृहांतून, रंगीबेरंगी ‘मेझें’ची आरास मांडली जाई, ती चालवणारे बरेचसे ग्रीक आणि आर्मेनियनच होते. माणसे हाकलायची आणि त्यांची ताटे मात्र ‘आमचा राष्ट्रीय वारसा’ म्हणून मिरवायची! ग्रीकांनाही मी सोडणार नाही. 1974 च्या सायप्रसच्या तंट्यानंतर तिथल्या तुर्की कॉफीची ‘ग्रीक कॉफी’ झाली. पेला तोच, तळचा गाळही तोच. मुळात इस्तंबूलचे पहिले कॉफीगृह सोळाव्या शतकात अलेप्पो आणि दमास्कसहून आलेल्या दोघांनी थाटले, असे पेचेवी हा तुर्की इतिहासकारच लिहून गेला आहे.

आम्हा सीमाभागातल्यांना हे सांगायला इस्तंबूल कशाला हवे, असे कुणी म्हणेल. खरेच आहे. आमच्याकडे भरली वांगी आणि शेजारच्या घरात एण्णगायी. दोन्ही घरांतला खलबत्ता सारखाच वाजतो. हॉटेलांच्या पाट्यांवरून मोर्चे निघाले, आतल्या रश्श्यावरून निघालेला मी अजून पाहिला नाही. निघू नये म्हणून तर हा लेख.

युनेस्कोच्या त्या नोंदी पुसा, असे मी म्हणत नाही. त्यांत निर्वासित झालेल्या स्वयंपाक्यांच्या समाजांचीही नावे घाला, एवढीच मागणी आहे. माझे म्हणणे ज्यांना खोडायचे असेल त्यांनी पुढच्या अंकात जरूर खोडावे. फक्त लिहायला बसण्यापूर्वी काय जेवलात, तेवढे कळवा.