कराटेच्या सरांची माहिती भिंतीवर लावा

जून लागला की शिकवण्यांच्या जाहिरातींबरोबर कराटे, तायक्वांदो आणि किकबॉक्सिंगच्या वर्गांचे फलकही गावोगाव झळकू लागतात. वर्ग भरतो शाळेच्या मैदानावर, महापालिकेच्या सभागृहात, सोसायटीच्या गच्चीवर नाहीतर रिकाम्या मंगल कार्यालयात. फलकावर मुख्य प्रशिक्षकांचा पांढऱ्या गणवेशातला फोटो, ब्लॅक बेल्टची श्रेणी, चार-दोन पदके आणि एखाद्या जपानी किंवा कोरियन नावाच्या संघटनेचे बोधचिन्ह असते. हे सर कोणाकडे शिकले, लहान मुलांना किती वर्षे शिकवत आहेत, श्रेणी कोणी दिली, मूल डोक्यावर पडले तर काय करायचे हे त्यांना ठाऊक आहे का, यातले काहीच फलकावर नसते. पालकही फी आणि वेळ एवढेच विचारून नाव नोंदवतात. माझे म्हणणे सरळ आहे. मुलांना मारामारीची विद्या शिकवणाऱ्याची पार्श्वभूमी उघड आणि पडताळता येण्याजोगी असली पाहिजे, आणि ती पडताळण्याची पहिली जबाबदारी वर्गासाठी जागा देणाऱ्याची आहे.

फलकावरचा सर्वांत वजनदार शब्द म्हणजे ब्लॅक बेल्ट. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्याच्या इतिहासातून कळते. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही जुदोची संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिली डॅन श्रेणी, म्हणजे आज ब्लॅक बेल्टने दाखवली जाणारी पातळी, दिली. गुरू एक, शिष्य हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि श्रेणी देणारा रोज त्यांना चटईवर पाहणारा. पुढे कराटेने ही पद्धत उचलली, आणि पिवळ्या-हिरव्या-निळ्या बेल्टांची शिडी युरोपातल्या जुदो वर्गांत रुळली. आज ती शिडी जगभर आहे, पण श्रेणी देणारा कोण, हे विचारण्याची सोय राहिलेली नाही. आपल्याकडे कोणीही संस्था नोंदवून ग्रेडिंग घेऊ शकतो, फी आकारू शकतो, प्रमाणपत्र छापू शकतो. काही वर्षांच्या कसून सरावानंतर मिळालेला बेल्ट आणि दोन शिबिरांत मिळालेला बेल्ट बाहेरून सारखेच दिसतात. शिवाय खरा बेल्टसुद्धा त्या माणसाने स्वतः किती कमावले एवढेच सांगतो. त्याला आठ वर्षांच्या मुलाला शिकवता येते की नाही, हा प्रश्न तिथे शिल्लकच राहतो.

या विद्या शाळकरी मुलांपर्यंत पोहोचल्या, त्याही शिक्षकांच्या हातून. ओकिनावात अंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळेत नेले, तेव्हा मुलांना झेपतील असे सोपे काता (हालचालींचे ठरावीक क्रम) त्यांनी नव्याने बांधले आणि 1908 मध्ये शिक्षण खात्याला पत्र लिहून या विषयाची बाजू मांडली. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक केले. त्याआधी त्यांची बरीच वर्षे ओकिनावात शाळामास्तरकीत गेली होती. खुद्द कानो टोकियोच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य होते. घातक कौशल्य मुलांच्या हाती देताना त्यातले काय गाळायचे, काय मागे ठेवायचे, कुठे थांबायचे, याचा निर्णय या माणसांनी शिक्षक म्हणून घेतला. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धा नियमांतही कमी वयाच्या मुलांच्या कुमितेत (लढतीत) डोक्या-चेहऱ्यावरच्या आघाताबाबत मोठ्यांपेक्षा जास्त कडकपणा आहे. हे भान ज्याला नाही, त्याची पदके कितीही असोत, त्याच्या वर्गात मूल सुरक्षित नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. तालमीचा वस्ताद हा आपल्या पेठांचा जुना मानकरी. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले शिकले, तेव्हा लहुजी कोण, त्यांचे वडील राघोजी 1817 च्या खडकीच्या लढाईत पडले, हे सारे पुण्याला माहीत होते. कोल्हापूरच्या तालमींतही वस्तादाची ओळख सांगायला प्रमाणपत्र लागत नसे. तो कोणाचा पठ्ठा, कोणत्या मैदानात कोणाशी लढला, दारू पितो की नाही, पोरांशी कसा वागतो, याची चर्चा गल्लीत रोज होत असे. ती व्यवस्था निर्दोष होती असे मुळीच नाही. मुलींना तिथे फारशी जागा नव्हती, आणि वस्तादाविरुद्ध तक्रार करायची तर कोणाकडे, याला उत्तर नव्हते. तरीही शिकवणारा माणूस लोकांच्या नजरेखाली होता. आज पिंपरीच्या गृहसंकुलात शिकवणारे सर डोंबिवलीहून नुकतेच राहायला आलेले असू शकतात, आणि वर्षभरात तिसऱ्या उपनगरात वर्ग हलवू शकतात. शेजारपाजाऱ्यांची ती नजर गेली. तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

कायद्याने ती जागा भरली असेल, अशी समजूत असेल तर ती फोल आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत नोंदणी, शिकवणाऱ्याची पात्रता, गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला मज्जाव, असे बरेच काही आहे. पण कोचिंगच्या व्याख्येतून खेळ, नृत्य, नाट्य स्पष्टपणे वगळले आहेत. बदलापूरच्या शाळेतील मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमीची पडताळणी आणि सीसीटीव्ही यांबाबत शाळांना आदेश दिले. मात्र संध्याकाळी शाळेचे मैदान भाड्याने घेणारा प्रशिक्षक कर्मचारी नसतो, भाडेकरू असतो. 2025 चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा राष्ट्रीय महासंघांच्या कारभाराकडे पाहतो. गल्लीतल्या वर्गापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. पोक्सो कायद्यात विश्वासाच्या स्थानावरून केलेल्या अत्याचाराला अधिक कडक शिक्षा आहे, पण तो कायदा गुन्हा घडल्यावर कामाला येतो. म्हणजे गणित शिकवणाऱ्याची चौकशी होते, आणि मुलाला धरून, वाकवून, जमिनीवर पाडून शिकवणाऱ्याची होत नाही. हा विषय अंगाला हात लावल्याशिवाय शिकवताच येत नाही, म्हणून तर चौकशी इथे आधी हवी.

फ्रान्सने हा प्रश्न बराच आधी सोडवला. तिथे पैसे घेऊन कोणताही खेळ शिकवायचा तर मान्यताप्राप्त पदविका लागते, ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याला शिकवण्यास बंदी आहे, आणि प्रशिक्षकाची पदविका व व्यवसाय-पत्र वर्गाच्या ठिकाणी सर्वांना दिसेल असे लावावे लागते. इतकेच नव्हे, डॅन ही श्रेणी कोणी द्यायची हेसुद्धा तिथल्या क्रीडा कायद्यात लिहिलेले आहे. या बंधनांनी तिथली जुदोची आवड आटली नाही. फ्रान्स आज जपानच्या तोडीचा जुदो खेळणारा देश आहे. आपण ती सगळी यंत्रणा उचलून आणावी असे मी म्हणत नाही. त्यातली भिंतीवर माहिती लावण्याची एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल.

यावर पहिला आक्षेप येईल तो परवानाराजाचा. जिल्ह्याच्या गावात नाममात्र फीमध्ये पोरे घडवणारे प्रशिक्षक आहेत. त्यांच्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका नाही, आणि कागदांची सक्ती केली तर तेच आधी मरतील. लाठी, दांडपट्टा शिकवणाऱ्या जुन्या वस्तादांकडे तर कागद असणारच नाही. आक्षेप खरा आहे, म्हणूनच मी परवान्याची मागणी करत नाही. मागणी आहे ती एका पानाची: नाव, कोणाकडे आणि किती वर्षे शिकले, श्रेणी असल्यास कोणत्या संस्थेची, मुलांना शिकवण्याचा अनुभव, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, पोलिसांकडच्या चारित्र्य पडताळणीची तारीख, आणि वर्ग प्रत्यक्ष घेणाऱ्या सहायकांची नावे. शेवटची बाब महत्त्वाची, कारण फलकावर सरांचा फोटो आणि मैदानावर शिट्टी मारणारा सतरा वर्षांचा ब्राऊन बेल्ट, हे चित्र सर्रास दिसते. पदविका नसलेल्या वस्तादाने ‘तालमीत वीस वर्षे, अमुक वस्तादांचा शिष्य’ असे लिहावे. ते कोणत्याही परदेशी शिक्क्यापेक्षा तपासायला सोपे असते. प्रामाणिक, गरीब प्रशिक्षकाचे यात नुकसान नाही. चकचकीत फलकापुढे आज तोच मागे पडतो.

दुसरा आक्षेप असा, की हे काम संघटनांचे आहे. पण संघटनांची अवस्था पाहा. कराटे आणि तायक्वांदो या दोन्ही खेळांत आपणच खरी राष्ट्रीय संघटना, असा दावा एकाहून अधिक गटांनी केला आणि मान्यतेचे वाद वर्षानुवर्षे चालले. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर शासकीय नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे महाराष्ट्रातच उघडकीस आली आहेत. राज्यात खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण असल्याने त्या कागदाला बाजारभाव आला. 2023 मध्ये महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसल्या, तेव्हा त्यांचे लैंगिक छळाचे आरोप कुठल्या गल्लीतल्या वर्गावर नव्हते. देशाच्या मान्यताप्राप्त महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर होते. तेव्हा संघटनेचा शिक्का माहितीचा एक भाग म्हणून जरूर पाहावा, पण तो लागला की पुढचे प्रश्न मिटले असे मानू नये.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो सर्वांत खोल जातो. गुरूची चौकशी केली तर आदर कुठे राहिला? चटईवर वाकून नमस्कार करणाऱ्या मुलाच्या मनात आपण संशय पेरतो का? आदर मुलाने करायचा असतो. गुरू त्या आदराला पात्र आहे ना, हे पाहण्याचे काम मोठ्यांचे. ते पालकांनी केले नाही तर आठ वर्षांच्या मुलावर पडते, आणि त्याला ‘सर सांगतील ते ऐकायचे’ हा एकच नियम शिकवलेला असतो. शिस्त या शब्दाखाली काठीचे फटके, तासभर उठाबशा, स्पर्धेआधी उपाशी ठेवून वजन उतरवणे खपून जाते ते याचमुळे. चांगल्या प्रशिक्षकाला पालकांनी बाजूला बसून वर्ग पाहिलेला आवडतो. ‘पालकांनी थांबू नये, मुलांचे लक्ष जाते’ असा कायमचा नियम जिथे असेल, तिथे मूल घालण्याआधी दोनदा विचार करावा.

हे सगळे कोणी करायचे, याचे उत्तर जागेच्या मालकीत आहे. या वर्गांपैकी पुष्कळ वर्ग सार्वजनिक किंवा सामायिक जागेत भरतात: महापालिकेची शाळा, नगरपालिकेची व्यायामशाळा, अनुदानित संस्थेचे मैदान, सोसायटीचे सभागृह. भाडेकरारात एक कलम घालण्यासाठी विधिमंडळाची गरज नाही. माहितीचे पान दर्शनी भागात लावलेले नसेल किंवा पडताळणी वर्षभरापेक्षा जुनी असेल तर जागा मिळणार नाही, एवढे महापालिकेच्या एका ठरावाने होते. त्या पानाखाली 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक छापायचा, म्हणजे तक्रार कोणाकडे हा जुना प्रश्नही सुटतो. सुरुवात शासनाने स्वतःपासून करावी. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचे स्वसंरक्षण प्रशिक्षण दिले जाते आणि त्यासाठी शाळेला निधी मिळतो. त्या निधीतून मानधन घेणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाचे पान शाळेच्या फळ्यावर लागले पाहिजे, कारण तिथे मुलगी स्वतः वर्ग निवडत नाही, शाळा तिच्यासाठी निवडते. खासगी वर्गांवर कायदा करण्याची चर्चा त्यानंतर करू. आधी ज्या जागांच्या किल्ल्या आपल्याच हातात आहेत, त्यांची दारे ही माहिती पाहून उघडावीत.