सरकारात लागला का?

चवथीला माणसे जमली की, पेडणे असो वा डिचोली, एक प्रश्न ठरलेला: "मुलगा काय करतो?" "सरकारात लागला" म्हटले की विषय संपतो. "बोटीवर आहे" म्हटले तर पगार विचारतात. "स्वतःचे गॅरेज आहे" म्हटले की क्षणभर कुणी बोलत नाही.

2024 च्या अखेरीस सरकारी नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी गोव्यात एकामागून एक नोंद झाल्या. ठकवणारे दोषी आहेतच. पण त्या नोकरीला आम्ही काय किंमत लावली आहे, तेही त्यातून दिसले.

ही किंमत वाढवण्यात आम्हा बँकवाल्यांचाही हात आहे. कर्ज मागणाऱ्याने पगारपत्रक पुढे केले की कागद भराभर सरकत. सुतार किंवा गॅरेजवाला आला की मागील वर्षांचे हिशेब, जामीनदार, तारण. डिचोलीत अपवाद खनिजाच्या ट्रकांचा. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा, आणि ट्रक दारात उभे राहिले. हप्ते थकले. ते पाहिलेल्या बापाला मुलासाठी सरकारी नोकरीच हवीशी वाटली, तर त्याला हसायचे कसे?

जर्मनीत हिशेब निराळा. तिथे शाळा संपवलेला मुलगा कंपनीशी करार करून दोन ते साडेतीन वर्षे काम शिकतो. आठवड्यातून एक-दोन दिवस वर्ग, बाकी प्रत्यक्ष काम, आणि शिकतानाही वेतन. पुढे 'मायस्टर' परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कारागिराची पात्रता तिथे पदवीच्या स्तराची धरतात. (आमच्या बीकॉमच्या बरोबरीची म्हणा ना!) अर्थात तिथेही विद्यापीठाचा ओढा वाढला आहे, आणि बेकरीत शिकायला मुले मिळत नाहीत.

पोर्तुगालची गंमत वेगळीच. ज्या पासपोर्टसाठी इथे धडपड चालते, त्या देशातली शिकलेली मुलेच कामासाठी बाहेर पडतात. त्याच पासपोर्टवर इंग्लंडातील स्विंडनला गेलेला आमचा मुलगा गोदामात माल उचलतो. तेच काम त्याने म्हापशात केले असते, तर त्याला यशस्वी कोण म्हणाले असते?

मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 पासून विमाने उडत आहेत. आजूबाजूला हॉटेले उभी राहताहेत. तिथे वीज, एसी, लिफ्ट सांभाळणारे हात लागणारच. मंडळाच्या गुणगौरव सोहळ्यात दहावी-बारावीच्या टक्क्यांबरोबर पेडणे व डिचोली आयटीआयमधून उत्तीर्ण झालेल्या मुलांची नावेही यंदा वाचावीत, असे पत्र आम्ही कार्यकारिणीला दिले आहे. उत्तर अजून यायचे आहे.